सगळ्या डोंबिवलीचा मामा

बाळंतपणाच्या दवाखान्यात खरं काम दोघंतिघंच करतात. बाकीचे सगळे वाट बघतात. आणि वाट बघणारा माणूस पहिला तास गप्प बसला तरी दुसऱ्या तासाला बोलतोच. कुणाशी बोलणार? समोर जो फरशी पुसत असेल त्याच्याशी. तो मी. त्यामुळे माझ्याकडे किस्से साठत गेले. घरात रिकामे डबे साठतात ना, तसे. टाकवत नाहीत, आणि एक काढायला जावं तर मागचे चार खाली येतात.

डोंबिवली पूर्वेला आमच्या डॉक्टरीणबाईंचं प्रसूतिगृह होतं. खाली तपासणी, वर दहा खाटा. ऐंशीनंतरच्या एक-दोन वर्षांत मी तिथं लागलो. शाळा मी तिसरीत सोडलेली, त्यामुळे स्ट्रेचर उचलणं, सलाईनची बाटली धरणं, पुसणं, पाणी तापवणं, ही कामं माझ्याकडे.

पहिल्या दिवशी बाईंनी नाव विचारलं. मी म्हटलं, "दत्ताराम."

शेजारी आमच्या सरूबाई उभ्या होत्या. खाडीकडच्या गावातल्या, दवाखान्यातल्या सगळ्यात जुन्या आया. त्या म्हणाल्या, "हितं नाव चालत नाय रं. बाईमानूस असंल तर मावशी, बाप्या असंल तर मामा. तू मामा."

दुपारपर्यंत दहाही खाटांवरून "मामा, जरा पाणी", "मामा, खिडकी लावा" सुरू झालं. मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा. हाक मारणाऱ्या निम्म्या बायका माझ्याहून मोठ्या.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. मला एकच बहीण, सुमन. माझ्याहून पाच वर्षांनी लहान. मी दवाखान्यात लागलो त्याच्या आदल्या वर्षी तिनं आपल्या मनानं लग्न केलं. मुलगा दुसऱ्या जातीतला, कल्याणपलीकडे मोहन्याला कारखान्यात कामाला. आमचे बाबा म्हणाले, जो लग्नाला जाईल त्यानं परत या घरात यायचं नाही. मी गेलो नाही. एकुलता एक भाऊ, आणि घरात भिंतीकडे तोंड करून झोपून राहिलो.

तीन वर्षांनी बाबा वारले. तेव्हा सुमन आली, पाया पडली, पाणी न पिता निघाली. दारात चपला घालताना मला एवढंच म्हणाली, "दादा, पोरीचं जावळ काढलं."

आमच्याकडे जावळ काढताना मूल मामाच्या मांडीवर बसवतात. कुणाच्या मांडीवर बसवलं, हे मी विचारलं नाही. त्यानंतर मला अडवणारं कुणी उरलं नव्हतं. तरी मी मोहन्याला गेलो नाही. लाज वाटायची. एक वर्ष गेलं की दुसऱ्या वर्षाची लाज दुप्पट होते. भाऊबीजेची ड्युटी मी दरवर्षी मागून घ्यायचो.

सरूबाईंना हे ठाऊक होतं. कधी फार बोलायच्या नाहीत. फक्त एखादी बाई "मामा, मामा" करत माझे आभार मानायला लागली की हळूच म्हणायच्या, "सगल्या डोंबिवलीचा मामा. आपल्या भाचीचा कोन, तां इचारू नका."

*

एकदा तिरुनेलवेलीकडची एक मुलगी आली. लग्नाला वर्ष झालेलं, मराठी नाही, हिंदी नाही. नवरा कुठल्याशा कंपनीत टायपिस्ट, त्याला मोडकं हिंदी यायचं. कळा सुरू झाल्या तशी ती ओरडायला लागली, "मामा! मामा!"

मी धावत गेलो. "काय पाहिजे, ताई?" तिनं हातानं मला झटकलं. मी बाहेर आलो. पुन्हा "मामा!" पुन्हा गेलो. पुन्हा झटकलं. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा ती रडायलाच लागली.

मी बाहेर येऊन नवऱ्याला सांगितलं. तो खाली मान घालून म्हणाला, "भैया, हमारे गाव में औरत पति को मामा बोलती है. वो मेरे को बुलाती है."

तेव्हा नवऱ्याला आत सोडायची पद्धत नव्हती. बाईंना विचारायची माझी छाती नव्हती. मग मी दाराच्या फटीत उभा राहिलो. आतून तिनं "मामा" म्हटलं की मी त्याच्याकडे बघायचो. तो म्हणायचा, "हां." मी आत तोंड करून म्हणायचो, "हां." असं दोन तास चाललं. हळूहळू ती ओरडायची थांबली. नुसतं पुटपुटायची. फटीतून ते त्याला ऐकू जात नव्हतं, मला ऐकू यायचं. मी "हां" म्हणायचो.

मुलगी झाली. बाई हात धुता धुता मला म्हणाल्या, "दत्ताराम, तुम्ही मघापासून दारात काय करत होता?"

मी म्हटलं, "काही नाही बाई. हो म्हणत होतो."

*

स्टेशनजवळ एका इराण्याची बेकरी होती. त्याची बायको आमच्याकडे नाव घातलेली. हा माणूस दर तपासणीला सोबत यायचा आणि बाकावर बसून माझी गंमत करायचा.

"ए मामा, तुला मामा कोण बोलला?"

"सगळेच बोलतात, शेठ."

"आमच्या इराणमध्ये मामा म्हणजे काय, मालूम? डिलिव्हरी करते ना बाई, दाई, ती मामा. आणि तुला तर मिशी हाय."

पुढे दिवस भरले. त्या दिवशी नेमका शुक्रवार. डोंबिवलीत शुक्रवारी लाईट जायची, ती संध्याकाळ झाली तरी आली नाही. बाई दुसऱ्या पेशंटला बघायला बाहेर गेलेल्या, येतच होत्या. आम्ही स्ट्रेचर घेऊन जिना चढायला लागलो. पुढे मी, मागे इराणी, बाजूला सरूबाई कंदील घेऊन. मधल्या वळणावर सरूबाई म्हणाल्या, "खाली ठेव. पोर वर पोचंपर्यंत थांबत नाय."

त्यांनी कंदील माझ्या हातात दिला. सगळं त्यांनीच केलं, तिथंच, वळणावर. मी फक्त कंदील धरला आणि तोंड भिंतीकडे केलं. बाई जिना चढून आल्या तेव्हा मुलगा रडत होता आणि त्याचा बाप त्याच्याहून जोरात.

मी किती वेळा सांगितलं की शेठ, मी काही केलं नाही. पण तो बेकरीत येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगत राहिला, "माझा पोरगा अस्सल इराणी पद्धतीनं झाला. मामानं काढला. मिशीवाला होता, बस, एवढाच फरक."

त्यानंतर पाच-सहा वर्षं दर रविवारी दवाखान्यात ब्रून पाव यायचे. मी ते सरूबाईंच्या पिशवीत टाकायचो. त्या म्हणायच्या, "बग, काम माजा आन् नाव तुजा. इराणात पन बाईची तीच गत."

*

युगांड्यातून आलेलं एक गुजराती कुटुंब ठाण्याला नौपाड्यात राहायचं. तिकडे हुकूम निघाला तसं त्यांना सगळं सोडून निघावं लागलेलं. त्यांची सून डोंबिवलीची, म्हणून बाळंतपण आमच्याकडे. सुनेबरोबर तिची सासू, बा, चार दिवस राहिल्या. पांढरं पातळ, हातात एक बांगडी, फार बोलणं नाही.

दुसऱ्या दिवशी मी खोलीत पाणी ठेवायला गेलो. सून म्हणाली, "मामा, तांब्या इथंच ठेवा." बा एकदम वर बघायला लागल्या. मग हसल्या.

मला म्हणाल्या, "तिकडे मामा म्हणजे आई. पण फक्त आई नाय. कोणपण मोटी बाई असेल, मान द्यायचा असेल, तर मामा. आमचा रसोइया, दुकानातला माणूस, भाजीवाली, सगळे मला मामा बोलायचे. तीस वरस. आता दीकरा बा बोलते, वहू बा बोलते. मामा कोण नाय बोलत."

मी तांब्या पुसून ठेवला.

मी वळलो तशा त्या म्हणाल्या, "तू बोल ने एक वार."

मी मिशीवरून हात फिरवला. म्हटलं, "मामा, चहा आणू?"

त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. तिकडेच बघत म्हणाल्या, "हां मामा. साखर कमी."

मग पुढचे तीन दिवस आमचं तसंच चाललं. मी त्यांना मामा, त्या मला मामा. वॉर्डातल्या बायका एकमेकींकडे बघायच्या. सरूबाई म्हणाल्या, "दोगांना पन हवा लागली."

जाताना रिक्षात बसल्यावर बा तिकडच्या भाषेत काहीतरी बोलल्या. मला कळलं नाही. मुलानं सांगितलं, येते म्हणाली. पण त्यात शेवटचा शब्द मामा होता, तो मला कळला.

*

ती तिरुनेलवेलीची मुलगी वर्षानं पुन्हा आली. तपासायला नाही, मला बोलवायला. आता तिला थोडं मराठी येत होतं.

"अण्णा," ती म्हणाली, "बाळाचे कान टोचायचे. आमच्यात मामाच्या मांडीवर बसवतात. माझा भाऊ दुबईला. त्याला सुट्टी नाही. तुम्ही बसा ना."

मी म्हटलं, "अहो, मी तुमच्या जातीचा नाही, भाषेचा नाही."

ती म्हणाली, "दोन तास तुम्ही हां म्हटलं. मला कळत होतं आवाज कोणाचा आहे."

हे मला ठाऊक नव्हतं. इतके दिवस मला वाटत होतं, तिला तो नवऱ्याचा आवाज वाटला.

मी गेलो. धुतलेला सदरा घातला, पोरीला एक फ्रॉक घेतला. त्यांच्या खोलीत पाटावर बसवलं मला, पोर मांडीवर दिली. सोनार तार घेऊन पुढे आला. पहिल्या कानाला ती किंचाळली आणि तिनं माझं बोट धरलं. दुसऱ्या कानाला किंचाळली नाही, माझं धोतर ओलं केलं. सगळे हसले. मी पण हसलो. पण बोट काही तिनं सोडलं नाही, आणि मग मला तिथं बसवेना. मोहन्याची पोर डोळ्यांसमोर आली. जावळाला ती असंच कुणाचं तरी बोट धरून बसली असेल.

दवाखान्यात परत आलो. सरूबाईंनी ओलं धोतर बघितलं, सगळं विचारून घेतलं. मला वाटलं आता टोमणा येणार. त्या म्हणाल्या, "मांडी चांगली हाय ना तुजी? मंग?"

एवढंच. "मंग?" म्हणाल्या आणि बाळाचे कपडे वाळत घालायला गच्चीवर गेल्या.

मी तेव्हाही गेलो नाही. माणूस किती मठ्ठ असतो ते सांगतोय.

*

मग अजून काही वर्षांनी एक भांडण झालं. भांडण म्हणजे वाद. बाकावर बसून.

टिळकनगरातले एक निवृत्त संस्कृतचे मास्तर होते. त्यांची सून आत. मुलगा जहाजावर इंजिनीअर, सुट्टी घेऊन आलेला. बापलेक बाकावर सकाळपासून बसून कंटाळलेले. आतून कुणीतरी मला हाक मारली, मी गेलो, परत आलो, तर मुलगा म्हणाला, "मामा, तुम्हाला गंमत सांगू? काळ्या समुद्रावर एका बंदरात आमचं जहाज महिनाभर लागलेलं. तिथल्या लोकांच्या भाषेत मामा म्हणजे बाप."

मी म्हटलं, "आणि आई?"

"आई म्हणजे देदा."

मास्तर चिडले. "काहीतरीच. शब्द आपला आहे. संस्कृतात मामक. मामक म्हणजे माझा. आईच्या भावाला 'माझा' म्हणायचं, म्हणून मामा. सरळ व्युत्पत्ती आहे."

"बाबा, मग त्यांच्याकडे कसा गेला?"

"गेला असेल कुणी घेऊन."

मी हातातलं फडकं पिळत होतो. मलाही बोलायची हुक्की आली. म्हटलं, "मास्तर, इराण्यांत मामा म्हणजे सुईण. आफ्रिकेत आई. मद्रासकडे नवरा. एवढ्या लांब लांब कोण घेऊन जात बसलं?"

तेवढ्यात बाई बाहेर आल्या. कपाळाला घाम, पण चेहरा हसरा. मास्तरांना म्हणाल्या, "नात झाली. दोघी छान आहेत." मग म्हणाल्या, "आणि वाद मी आतून ऐकत होते. कुणी कुठून कुठं नेला नाही तो शब्द."

"मग?" मास्तर म्हणाले. आपल्याला नात झाली हे ते विसरलेच होते.

"पोर दूध पितं, ओठ मिटतं, उघडतं. म-म असा आवाज होतो. त्याला काही म्हणायचं नसतं हो. समोर जे माणूस असेल त्याला वाटतं, मलाच हाक मारली. कुठं आई समोर, कुठं बाप, कुठं सुईण. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. तिथं घरात भाऊ असतो. तो वाकून बघतो, हा झाला मामा. हे आपलं माझं म्हणणं हं, पुस्तकातलं नाही. पण जो समोर असतो त्याचा होतो शब्द."

मास्तर म्हणाले, "हे शास्त्राला धरून नाही." मुलगा म्हणाला, "बाबा, आत चला, नात बघायची ना?"

दोघं गेले. मी तिथंच उभा. फडकं पिळून पिळून कोरडं झालेलं, तरी पिळतोय. सुमनचं पहिलं बाळंतपण कुठं झालं, मला माहीत नव्हतं. माहेरी झालं नाही, एवढं माहीत होतं.

संध्याकाळी मी बाईंच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिलो. दिवाळी आठ दिवसांवर होती.

"बाई, मला भाऊबीजेला सुट्टी पाहिजे."

बाईंनी चष्मा काढला. बारा-तेरा वर्षांत मी ही सुट्टी कधी मागितली नव्हती, उलट दुसऱ्यांची ड्युटी अंगावर घ्यायचो. त्या काही विचारणार तेवढ्यात मागून सरूबाई बोलल्या, "द्या बाई. मी करीन त्याची ड्युटी. माजा भाऊस उद्या पन जित्ता हाय, परवा पन."

*

डोंबिवलीहून मोहने म्हणजे काही परदेश नाही. पण मी दुपारी घरातून निघालो तो कल्याणला बसस्टॉपवर तीन बस सोडून बसलो होतो. एक पातळ घेतलेलं, पिशवीत होतं. पोरीला काय घ्यावं ते कळेना. ती आता केवढी असेल, बारा की तेरा, हेही हिशोब करून काढावं लागलं. मग काहीच घेतलं नाही.

मोहन्याला पोचलो तेव्हा ऊन उतरलेलं. कारखान्याचा भोंगा नुकताच झाला होता, माणसं सायकली हातात धरून घरी चाललेली. सुमनच्या नवऱ्याचं नाव घेऊन विचारत विचारत गेलो. बैठी घरं, प्रत्येकापुढे एवढंसं अंगण, दारात कंदील. एका नळावर एक मुलगी कळशी भरत होती. परकर-पोलकं, दोन वेण्या. कपाळ बघितलं आणि मला विचारायची गरज उरली नाही. आमच्या आईचं कपाळ.

"कोण पाहिजे?" तिनं विचारलं.

मी कोण ते सांगता येईना. म्हटलं, "सुमनताई इथं राहतात का?"

"आई अंगणात आहे. पण आता ओवाळते आहे, थांबा हां."

ओवाळतेय म्हणजे तिनं कुणीतरी भाऊ मानला असणार. चांगलंच आहे, म्हटलं. मानलेला असला तरी भाऊ येतो तरी. परत फिरावं असंही वाटलं. पण पोर कळशी कमरेवर घेऊन पुढे चालायला लागली होती, मी तिच्या मागे गेलो.

अंगणात दुसरं कुणी नव्हतं. सुमन एकटी उभी होती, हातात ताट, ताटात निरांजन, डोक्यावर पदर. केस कानाशी पांढरे झालेले. तोंड मावळतीकडे. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. बिजेची कोर, ती काय, जेमतेम नखाएवढी, आणि दिवस मावळला की घटकाभरच दिसते. मी नेमका मावळतीच्या बाजूनं अंगणात शिरलो आणि तिच्यासमोर उभा राहिलो.

सुमननं माझ्याकडे बघितलं. निरांजनाची ज्योत हलत होती, वारा नव्हता.

"बाजूला हो," ती म्हणाली. "चंद्र दिसत नाही."

मी बाजूला झालो.

तिनं घाई केली नाही. चंद्राला कुंकू दाखवलं, अक्षता टाकल्या, सुपारी फिरवली, मग ताट तीनदा ओवाळलं. मी पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून उभा. आपल्या वाट्याचं एवढंच, असं मनात म्हणत होतो. बघायला तरी मिळालं.

तेवढ्यात मला दाराजवळ पाट दिसला. नीट पुसलेला, भोवती रांगोळी काढलेली, रांगोळीत हळदकुंकू. पाटावर कुणी नव्हतं.

पोर कळशी ठेवून माझ्याशेजारी येऊन उभी राहिली होती. मी तिला हळूच विचारलं, "हा पाट कुणाचा गं?"

"चंद्राचा," ती म्हणाली. "आई दरवर्षी मांडते. तो येऊन बसत नाही कधी."

मी चपला काढल्या.